तिसरं पाकीट

पाकीटवाल्या बाई आल्या तेव्हा थोरलीनं आधी त्यांच्या चपलांकडे बघितलं. चपला कोऱ्या करकरीत, वाळूचा कण नाही. म्हणजे बाई किनाऱ्यानं चालत आल्या नव्हत्या, कुणाच्या तरी गाडीतून अंगणाच्या तोंडाशी उतरल्या होत्या. आता ती गाडी कुणाची, आणि वाटेत बाईंचे कान कुणी भरले, हा भुंगा थोरलीच्या डोक्याला लागला. नवरा म्हणाला, ऑफिसची गाडी असेल. पण त्याचं म्हणणं धरायचं तरी किती? त्याला सगळी वस्ती ‘सावकाश’ म्हणायची. अंगावर लाट आली तरी हा आधी बिडी विझवेल आणि मग बाजूला होईल.

बाई अन्नतपासणीच्या ऑफिसातल्या. समुद्रात वाढवलेलं शेवाळ माणसांच्या खाण्यासाठी विकायचं तर त्या ऑफिसचा परवाना लागायचा, आणि परवाना टिकवायचा तर बाई येतील तेव्हा नमुना द्यावा लागायचा. परवाना गेला की तोच माल खतवाल्याच्या ढिगावर. बाईंचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण त्यांच्या पिशवीत पाकिटंच पाकिटं असायची म्हणून त्या पाकीटवाल्या. बोलायच्या कमी आणि लिहायच्या फार. न बोलणाऱ्या माणसाचा थोरलीला जन्मात कधी भरवसा वाटला नव्हता.

बाईंनी हातमोजे चढवले. थोरलीनं पुढं केलेलं पोतं त्यांनी सोडून दिलं आणि मागचं, भिंतीला टेकलेलं उघडायला सांगितलं. वरचं, मधलं, तळाचं असं मूठमूठ वाळलं शेवाळ काढून एकत्र केलं, त्याचे तीन सारखे भाग केले आणि तीन पाकिटांत भरले. तोंडं चिकटवून वर सील मारलं. थोरलीला अंगठा द्यायला सांगितला, तर तो कागदावर उमटेचना. चार वर्षं खाऱ्या पाण्यात राहून बोटांच्या रेघा पार बुजल्या होत्या. शेवटी तिनं वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली, आणि बाईंनी ती दोनदा बघितली. एक पाकीट प्रयोगशाळेत जाणार होतं, दुसरं ऑफिसात राहणार होतं. तिसरं त्यांनी थोरलीच्या हातात ठेवलं.

“हे तुमचं. आमच्या निकालावर भरवसा नसेल तर हे दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतं. फक्त सील तुटता कामा नये.”

असं म्हणून त्या किंचित हसल्या, आणि तिथंच थोरलीच्या मनात पाल चुकचुकली. बाईंची पाठ वळताच तिनं ते पाकीट कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. सावकाशनं विचारलं, आपल्या घरातून कोण चोरणार आहे ते? ती म्हणाली, तेच तर बघायचंय.

चार वर्षांपूर्वीपर्यंत या घरात मासळीची जाळी होती. मासळी हटली, जाळी माळ्यावर गेली आणि सगळे नको नको म्हणत असताना थोरलीनं शेवाळ धरलं. बांबूचे तराफे, त्यांवर ताणलेले दोर आणि दोरांना बांधलेली बोटभर रोपं. दीड महिन्यात एकेक रोप परातीएवढं पसरायचं. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून कापायचं, टोपलीत भरायचं आणि गळक्या टोपल्या पाठीवर घेऊन अंगण गाठायचं. खारं पाणी पाठीवरून टाचेपर्यंत ओघळायचं, आणि त्यानं कातडीला पडलेल्या भेगा हंगाम सरेपर्यंत भरायच्या नाहीत.

पहिली वर्षं माल वाळूवरच पसरून वर दगड ठेवले होते. गेल्या साली पाकीटवाल्या बाईंनी बजावलं की मालात वाळू सापडते, जमिनीवर वाळवणं बंद करा, दगडसुद्धा नकोत. थोरलीनं मुकाट्यानं कमरेइतक्या उंचीचे मांडव बांधले आणि वर जाळी ताणली. पण यंदा हंगाम सुरू झाला तोच वारा घेऊन. पहिल्याच दिवशी अर्धा माल उडून कुंपणाला जाऊन बसला, आणि तो वेचता वेचता तिचे गुडघे सोलवटले.

तेव्हा तिला ती युक्ती सुचली. माळ्यावरच्या जुन्या जाळ्यांच्या खालच्या कडेला वजनाच्या दोऱ्या होत्या, शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एकेक गोळी हातानं ठोकून बसवलेली. थोरलीनं त्या दोऱ्या कापून काढल्या, तीन पाण्यांनी धुतल्या आणि ओल्या शेवाळावर आडव्या टाकल्या. वाळू नाही, कच नाही, आणि माल जागचा हलत नाही. ही अक्कल तिची स्वतःची होती आणि ती कुणाला फुकट वाटायचा तिचा विचार नव्हता, धाकट्या जावेला तर मुळीच नाही. अंगणात कुणाची सावली पडली की ती दोऱ्या गोळा करून मांडवाखाली सारायची आणि वर पोतं टाकायची. बाईंनाही त्या कधी दिसल्या नव्हत्या.

माल न्यायला यायचा तो काटेवाला मूठभर शेवाळ हातात घेऊन म्हणायचा, बघा कसं पांढरं मीठ फुललंय, असा माल दुसरीकडे नाही. ते ऐकून थोरलीला दिवसभर भाकरी लागायची नाही. पहिलं पोतं निघालं त्या आनंदात तिनं एक गोष्ट केली जी ती सहसा करत नसे. धाकटी पोटुशी होती, आणि पोटुशीला शेवाळ चांगलं असं काटेवाल्यानं सांगितलं होतं. थोरलीनं दोन मुठी माल निळ्या फडक्यात बांधून कुंपणावरून तिच्या हातात दिला. धाकटीनं घेतला, पण तोंड असं केलं की जणू हातात खेकडा दिलाय. थोरलीच्या स्वतःच्या घरात मात्र कुणी शेवाळ खात नव्हतं. दिवसभर ज्यात हात घालायचे ते पुन्हा ताटात कुणाला बघवणार.

नमुना नेल्याला सोळा दिवस झाले आणि बाई पुन्हा आल्या. या वेळी पिशवीत पाकिटं नव्हती, एकच कागद होता. त्यांनी तो वाचून दाखवला. मालात शिसं निघालं होतं, चालतं त्याच्या तिप्पट. ही खेप विकायची नाही, पुढची कारण सापडेपर्यंत विकायची नाही, आणि कारण सापडून दूर झालं तरच परवाना राहील. सावकाश हातातली बिडी न पेटवताच उभा राहिला.

बाईंनी वहीत बघून एकेक गोष्ट विचारली. तराफ्याजवळ कुठलं सांडपाणी येतं का, पोती कुठून आणता, आसपास कुणी बॅटऱ्या फोडतं का, जुना रंग खरवडतं का. आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “माल वाळवताना त्याला धातूचं काही लागतं का?”

थोरलीला दोऱ्या आठवल्या नाहीत असं नाही. पण गोळ्या तिनं मोजून टाकल्या होत्या आणि मोजून उचलल्या होत्या, एक कमी नव्हती. शिसं काय कापूर आहे, हवेत उडून जायला? आणि याच गोळ्यांच्या जाळ्यातली मासळी या घरानं तीन पिढ्या खाल्ली, कुणाला काय झालं? शिवाय आता दोऱ्या काढून दाखवायच्या म्हणजे कुंपणापलीकडून टपलेल्या धाकटीला युक्ती आयती मिळणार. ती म्हणाली, नाही. बाईंनी लिहून घेतलं.

बाकीचे प्रश्न सोडून थोरलीच्या डोक्यात एकच शब्द रुतून बसला. रंग. कुंपणापलीकडे धाकट्या दिराची होड्या दुरुस्त करायची शेड होती, आणि वारा नेमका तिकडूनच यायचा. दीर दिवसभर जुन्या होड्यांचा तांबडा रंग खरवडत बसायचा. गेल्या साली थोरलीनं मांडवासाठी शेडमागची जागा मागितली होती तेव्हा धाकटी हसून म्हणाली होती की समुद्राचा कचरा वाळवायला जागा कशाला लागते. ते हसू थोरलीनं जपून ठेवलं होतं. आता तिला सगळं दिसायला लागलं. वाऱ्याची दिशा बघून खरवडायचं, शेवाळ पसरलं की खरवडायचं. मुद्दामच. तिनं तीन दिवस मांडवाआडून पाळत ठेवली, आणि दीर शेड बंद करून जेवायला गेला तेव्हा कुंपणाच्या फटीतून हात घालून रंगाच्या तांबड्या खपल्या गोळा केल्या. फटीतल्या खिळ्यानं मनगट ओरबाडलं. त्या खपल्या एका फडक्यात बांधून दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती एकटी ऑफिसात जाऊन बाईंना देऊन आली. सावकाशला सांगितलं, पायाला मलम आणायला गेले होते.

बाई आल्या, शेडमधून त्यांनी स्वतःच्या हातानं नमुना घेतला आणि निकाल येईपर्यंत खरवडणं बंद ठेवायला सांगितलं. दिरानं पत्र्याच्या दाराला साखळी घातली. आत दोन होड्या पोट वर करून पडल्या होत्या, आणि होड्यांचे मालक रोज येऊन साखळी बघून जात होते. चौथ्या दिवशी एकानं आपली होडी ओढत दुसऱ्या वस्तीवर नेली. वाळूत तिची घसट उमटली, ती वाऱ्यानं बुजेपर्यंत सगळ्यांना दिसत राहिली.

ऑफिसात कोण जाऊन आलं हे एव्हाना वस्तीभर झालं होतं. नळावर धाकटी आणि थोरली समोरासमोर आल्या. धाकटी सहाव्या महिन्याच्या पोटानं वाकून घागर भरत होती. थोरली आधी आली असूनही बायकांनी धाकटीला पुढं होऊ दिलं, आणि थोरलीची पाळी आली तेव्हा नळाखाली कुणी तिची घागर धरली नाही. शेजारीण म्हणाली, जपून बोला गं, आपलं बोलणं पाकिटात भरून जायचं. सगळ्या हसल्या. थोरलीनं घागर डोक्यावर घेतली तेव्हा तिचे कान तापले होते.

वाटेत दीर भेटला. तो भांडेल म्हणून तिनं उत्तरं तयार ठेवली होती, पण त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

“वहिनी, मला येऊन सांगितलं असतंत, तरी मी खरवडणं थांबवलं असतं.”

ती घागर सावरत पुढं निघाली. घरी येईपर्यंत तिनं स्वतःची समजूत घातली की हे गोड बोलणं प्रकरण अंगावर आलं म्हणून आहे.

शेड बंद असतानाच पुढची खेप कापणीला आली. या खेपेचा नमुना स्वच्छ निघाला की झालं, असा थोरलीचा हिशोब. पण शत्रू गप्प बसत नाही हेही तिला ठाऊक होतं. माल मांडवावर पसरला, दोऱ्या टाकल्या आणि ती पाट घेऊन तिथंच बसली. कुणी येऊन काही शिंपडून जाईल, कुणी पोरगं पाठवेल. दोन दिवस ती ऊन डोक्यावर घेत बसून राहिली. जेवण सावकाशनं तिथंच आणून दिलं, आणि तिनं त्याच्याकडेही जरा निरखून बघितलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती दोऱ्या उचलायला उठली. इतके दिवस ती उचलायची ती घाईनं, कुणी बघेल म्हणून. आज पाळतीवर बसल्यामुळे डोळे बारीक बघायला सरावले होते. पहिली दोरी उचलली तर तिच्याखाली शेवाळावर पांढरी रेघ. मीठ सगळीकडेच फुललं होतं, पण ते काड्यांवर विखुरलेलं, चमकणारं. ही रेघ सरळ होती, दोरी होती तेवढीच, आणि मऊ, पिठासारखी. तिनं दुसरी दोरी उचलली. तिथंही रेघ. गोळ्यांनाही तीच भुकटी धरली होती, आणि तिची बोटं राखाडी झाली होती. काटेवाला ज्याची वाखाणणी करायचा ते मीठ. तिनं चिमूटभर भुकटी उचलून जिभेवर ठेवली.

ती खारट नव्हती.

थोरलीनं तोंड पुसलं, थुंकली, पुन्हा पुसलं. मग दोरी तशीच हातात घेऊन घरात गेली. आबा खाटेवर बसलेले होते. त्यांना डोळ्यांनी आता फारसं दिसत नव्हतं, पण हात शाबूत होते. तिनं दोरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन गोळ्या चाचपल्या आणि ओळखलं, ही माझी. मग बोटं एकमेकांवर घासून विचारलं, हिला पीठ कशानं धरलं, ही ओली कुठं ठेवली होतीस? आबांनी दोरी बाजूला ठेवली आणि पाणी मागितलं. त्यांनी राख लावून हात धुतले, एकदा, दोनदा, तीनदा. जाळी विणायचे त्या काळात त्यांचं हे हात धुणं म्हणजे घरातली थट्टा होती. म्हाताऱ्याचं जेवण निवतं पण हात धुणं संपत नाही, असं नवी सून असताना थोरलीही म्हणायची.

“शिशाला लागलेला हात तोंडाला लावायचा नाही, हे मला माझ्या बापानं सांगितलं होतं,” आबा म्हणाले. “तुला कधी सांगितलं नाही. तुझा शिशाशी काय संबंध, असं वाटलं.”

थोरली परत मांडवाशी आली आणि खांबाला धरून उभी राहिली. पहिल्यांदा तिला आठवली ती बाईंची वही आणि त्यात लिहिलेलं तिचं ‘नाही’. मग आठवलं निळं फडकं. पहिल्या पोत्यातल्या दोन मुठी, पोटुशीसाठी. ती खांब सोडून खाली बसली.

संध्याकाळी सावकाशला तिनं सगळं सांगितलं. त्यानं जे सांगितलं ते त्याच्या मानानं फारच झटपट होतं. दोऱ्या खाडीत टाकू. हा माल पुरून टाकू, वाऱ्यानं गेला म्हणून सांगू. पुढच्या खेपेला शेवाळावर नुसती जाळी बांधू, नमुना आपोआप स्वच्छ निघेल, परवाना राहील. कुणाला कळणार आहे? थोरली म्हणाली, आणि शेड? नमुना स्वच्छ निघाला की सगळे म्हणतील, बघा, शेड बंद झाली आणि शिसं गेलं. सावकाश म्हणाला की ते काय आपण थोडंच म्हणणार. त्याला एवढा विचार करता येतो हे तिला पंधरा वर्षांत कळलं नव्हतं, आणि तो पटायला लागलाय हे बघून तिला स्वतःचाच संशय आला.

दोन दिवसांनी बाई आल्या त्या निकाल घेऊनच. दिराच्या खपल्यांत शिसं निघालं होतं. जुन्या रंगात असतंच, बाई म्हणाल्या, पण वाऱ्याची दिशा बघता कारण हेच दिसतं. शेड पाण्यापासून लांब, रस्त्यापलीकडे हलवावी लागेल. दीर कुंपणाशी उभा राहून ऐकत होता. होडी रस्त्यापलीकडे ओढून नेऊन कोण दुरुस्त करणार, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. धाकटी त्याच्या मागं उभी होती. बाईंनी थोरलीकडे वळून म्हटलं की आता या नव्या खेपेचा नमुना घेऊ, तुमचं काम सोपं झालंय.

खरंच सोपं होतं. गप्प उभं राहायचं, बस्स. थोरलीनं मांडवाखालचं पोतं ओढलं, त्याखालची दोऱ्यांची गुंडाळी दोन्ही हातांनी उचलली आणि बाईंसाठी अंगणात मांडलेल्या टेबलावर त्यांच्या वहीशेजारी ठेवली. टेबल हललं.

“तुम्ही विचारलं होतं, धातूचं काही लागतं का. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं.”

बाईंनी एक गोळी उचलून उन्हात धरली, भुकटी बघितली आणि पेन उघडलं. किती दिवस वापरताय, असं त्यांनी विचारलं. सावकाश खोकला. त्या खोकल्याचा अर्थ थोरलीला बरोबर कळला. ही एकच खेप म्हण, मागची खेप म्हण, काटेवाल्यानं नेलेली पोती परत मागवावी लागतील असं काही बोलू नकोस. तिनं तोंड उघडलंही होतं. पण समोर धाकटी एक हात पोटावर ठेवून उभी होती.

“वारा सुटल्यापासून,” थोरली म्हणाली. “पहिल्या पोत्यापासून.” मग ती बाईंकडे न बघता धाकटीकडे बघत राहिली. “तुला दिलेल्या मुठी त्याच पोत्यातल्या. किती खाल्लंस ते बाईंना सांग. दवाखान्यात मी येते तुझ्याबरोबर.”

धाकटी वळली आणि घरात गेली. दीर कुंपणाच्या खांबाचं साल नखानं सोलत होता. थोरलीला वाटलं ती आता दार लावून घेईल, किंवा काहीतरी फेकून मारेल, आणि फेकून मारलं तर बरं होईल. धाकटी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळं फडकं होतं. थोरलीनं मारलेली गाठ तशीच्या तशी होती.

“मी एक काडी खाल्ली नाही, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “तुम्ही आपण होऊन काही देताय, म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं वाटलं.”

हे एरवी कुणी म्हटलं असतं तर थोरलीनं त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. आता ती मांडवाच्या कडेवर बसली आणि सगळ्यांसमोर रडली. लाज वाटली, अपमान वाटला, पण त्याहून मोठं असंही काही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपल्यावर भरवसा ठेवला नाही याचा तिला आनंद झाला होता.

बाईंनी तिला रडू दिलं आणि तोवर लिहून घेतलं. विकलेली पोती परत मागवायची. परवाना या हंगामापुरता बंद, पुढच्या हंगामाला नवे मांडव तपासून ठरेल. खोटं सांगितलं तेही लिहिलं आणि खरं सांगितलं तेही लिहिलं. दिराच्या नावापुढची ओळ त्यांनी खोडली, आणि एवढंच म्हणाल्या की खरवडताना खाली कापड अंथरा आणि तोंडाला फडकं बांधा. दीर तसाच साखळी काढायला गेला. पत्र्याचं दार कुरकुरत उघडल्याचा आवाज आला.

मग बाईंनी निळं फडकं मागितलं. पहिल्या पोत्यातला एवढाच माल हाती लागण्यासारखा होता, बाकीचा कुठं कुठं गेला होता कोण जाणे. त्यांनी हातमोजे घातले, गाठ सोडली, दोन मुठींचे तीन सारखे भाग केले, पाकिटांत भरले, सील मारलं. थोरलीनं सही केली. साक्षीदार म्हणून धाकटीनं केली. एक पाकीट प्रयोगशाळेचं, दुसरं ऑफिसचं. तिसरं बाईंनी थोरलीपुढं धरलं.

“हे तुमचं,” त्या म्हणाल्या.

“तिच्याकडे द्या,” थोरली म्हणाली.

धाकटीनं कुंपणावरून हात पुढं करून पाकीट घेतलं. उलटसुलट करून सील नीट आहे ना ते दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि मगच घरात नेलं.